सेगमेंट रिपोर्टिंगची टीप: एमआयएसपासून ताळेबंदाच्या मेळापर्यंत

सेगमेंटची टीप, म्हणजे वित्तीय पत्रकांना जोडलेली आणि कंपनीच्या प्रत्येक व्यवसायाचे आकडे वेगळे दाखवणारी टीप, बऱ्याच कंपन्यांत मे महिन्यात, ऑडिट संपत आल्यावर लिहायला घेतात. गेल्या वर्षीची एक्सेल शीट उघडायची, आकडे बदलायचे, बेरीज जुळली की ऑडिटरकडे धाडायची. म्हणून दर वर्षी त्याच चुका होतात. या टीपेचे दोन भाग असतात आणि त्यांचे आकडे दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात. पहिला भाग, म्हणजे व्यवसायानुसार सेगमेंट, कंपनीचा सर्वोच्च निर्णयकर्ता दर महिन्याला जे पाहतो त्यातून येतो. दुसरा भाग, म्हणजे उत्पादन, देश आणि मोठे ग्राहक, थेट हिशेबाच्या वह्यांतून येतो. हे दोन भाग एकमेकांत मिसळले की टीप बिघडते.

हा लेख इंड एएस १०८ (सेगमेंट रिपोर्टिंगचं लेखा मानक) लागू असलेल्या उत्पादक कंपन्यांसाठी आहे. अंबरनाथ, तळोजा किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने आणि अंधेरी किंवा लोअर परळला मुख्यालय अशी मांडणी डोळ्यांसमोर ठेवली आहे. तुमची कंपनी अजून जुन्या एएस १७ वर असेल तर तिथले नियम निराळे आहेत. प्राथमिक आणि दुय्यम सेगमेंट, 'बिझनेस' आणि 'जिओग्राफिकल' हे शब्द त्या मानकाचे. इंड एएसमध्ये आलेल्या कंपन्यांनी ती चौकट डोक्यातून काढून टाकायला हवी. संरक्षण उत्पादनातल्या कंपन्यांना केंद्र सरकारने सेगमेंट रिपोर्टिंगमधून सूट दिली आहे. त्यांनी आधी आपली पात्रता तपासावी.

## तयारी: जानेवारी-फेब्रुवारीत हातात काय हवं

३१ मार्चची वाट पाहू नका. खालची कागदपत्रं आधीच एका फोल्डरमध्ये जमवा:

- गेल्या चार तिमाहींचे बोर्ड पॅक आणि दर महिन्याचा एमआयएस (व्यवस्थापनासाठीचा अंतर्गत अहवाल), जसा वर गेला तसाच
- कोण कोणाला रिपोर्ट करतो याचा तक्ता, आणि विभागप्रमुखांचा बोनस कशावर ठरतो याची नोंद
- प्रॉफिट सेंटर आणि कॉस्ट सेंटरची यादी, प्रत्येक कोणत्या विभागात मोडतं यासह
- एका विभागाने दुसऱ्याला माल देताना लावायच्या दराचं धोरण
- मालमत्ता रजिस्टर, प्रत्येक मालमत्ता प्रत्यक्ष कुठे आहे त्या रकान्यासह
- ग्राहकांची यादी, प्रत्येक ग्राहक कोणत्या समूहाचा आहे हे लिहून
- गुंतवणूकदारांना दाखवलेलं सादरीकरण आणि वार्षिक अहवालातला व्यवस्थापनाचा आढावा

शेवटचा मुद्दा सहसा राहून जातो. सादरीकरणात चार व्यवसाय आणि टीपेत एकच सेगमेंट असेल, तर प्रश्न विचारला जाणारच.

तपासणी: कंपनी एकत्रित आणि स्वतंत्र अशी दोन्ही वित्तीय पत्रकं एकाच अहवालात देत असेल, तर सेगमेंटची माहिती फक्त एकत्रित पत्रकांत द्यायची. मग उपकंपन्यांचे आकडेही याच फोल्डरमध्ये हवेत.

## टप्पा १: निर्णयकर्ता कोण हे लेखी ठरवा

मानकातला 'मुख्य कार्यकारी निर्णयकर्ता', ऑफिसच्या बोलीत सीओडीएम, हे पद नाही, ते काम आहे. पैसा आणि माणसं कोणत्या विभागाला द्यायची हे ठरवणारा आणि विभागांची कामगिरी जोखणारा तो. ती एकच व्यक्ती असू शकते, किंवा कार्यकारी संचालकांचा गट. व्हिजिटिंग कार्डवर काय छापलंय त्यावरून हे ठरवू नका. भांडवली खर्चाच्या मंजुरीवर सही कोणाची, वार्षिक बजेट कोणत्या बैठकीत कापलं जातं आणि वाईट तिमाहीनंतर विभागप्रमुखाला जाब कोण विचारतो, ते पाहा.

संपूर्ण संचालक मंडळाला निर्णयकर्ता म्हणणं सोपं वाटतं, पण त्यात धोका आहे. मंडळासमोर अनेकदा फक्त एकत्रित आकडे जातात, मग 'आमच्याकडे एकच सेगमेंट' असा निष्कर्ष आपोआप निघतो. एमडी मात्र दर महिन्याला पंप, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरचा नफा वेगवेगळा पाहत असतात. अशा वेळी एमडी जे पाहतात तेच खरं.

दोन पानांचं टिपण लिहा: निर्णयकर्ता कोण, का, आणि त्याच्यासमोर नियमित कोणते अहवाल जातात. सीएफओची सही घ्या. पुढचा सगळा डोलारा या टिपणावर उभा राहतो.

## टप्पा २: ऑपरेटिंग सेगमेंट ओळखा

तीन गोष्टी एकत्र लागतात. तो भाग महसूल मिळवू शकेल आणि खर्च करेल असा व्यवसाय करतो. त्याचे निकाल निर्णयकर्ता नियमित पाहतो. त्याची वेगळी आर्थिक माहिती उपलब्ध आहे. महसूल बाहेरूनच यावा लागतो असं नाही. कंपनीच्याच पंप विभागाला कास्टिंग पुरवणारी फाउंड्रीसुद्धा ऑपरेटिंग सेगमेंट असू शकते, तिचा नफा वेगळा पाहिला जात असेल तर. मुख्यालय, ट्रेझरी, कायदा विभाग हे सेगमेंट नव्हेत.

एमआयएसमध्ये आकडे उत्पादनानुसारही असतात आणि प्रदेशानुसारही, तिथे घोळ होतो. दोन्ही अहवाल एमडींकडे जातात, दोघांचे वेगवेगळे प्रमुख आहेत. मग मानकाच्या मूळ उद्देशाकडे जायचं: वाचकाला व्यवसायाचं स्वरूप आणि परिणाम कोणत्या मांडणीतून नीट कळतील? जबाबदारी आणि बोनस ज्या बाजूला बांधलेले असतात ती बाजू बहुधा उत्तर देते, पण हा निर्णयही टिपणात कारणांसह यायला हवा.

दुसऱ्यांची रचना उचलू नका. मुंबईतल्याच दोन कंपन्यांच्या टीपा बीएसईच्या संकेतस्थळावर शेजारी शेजारी ठेवून वाचा. व्होल्टास आपला व्यवसाय युनिटरी कूलिंग, इलेक्ट्रो-मेकॅनिकल प्रकल्प व सेवा, आणि अभियांत्रिकी उत्पादनं व सेवा असा विभागते. ब्लू स्टार इलेक्ट्रो-मेकॅनिकल प्रकल्प आणि व्यावसायिक वातानुकूलन एका सेगमेंटमध्ये दाखवते, युनिटरी उत्पादनं दुसऱ्यात, व्यावसायिक इलेक्ट्रॉनिक्स व औद्योगिक प्रणाली तिसऱ्यात. दोघीही वातानुकूलन विकतात, पण रेषा वेगळीकडे पडते. सेगमेंटची रेषा बाजारातल्या वर्गीकरणाने ठरत नाही, कंपनी आतून जशी चालवली जाते त्याने ठरते.

इशारा: 'स्पर्धकांना आमचं मार्जिन कळेल' हे सेगमेंट न दाखवण्याचं कारण होऊ शकत नाही. मानकात अशी सवलत नाही.

## टप्पा ३: एकत्र करायचं की नाही

दोन ऑपरेटिंग सेगमेंट एकत्र दाखवता येतात, पण अटी कडक आहेत. दीर्घकाळात त्यांची आर्थिक वैशिष्ट्यं सारखी हवीत, उदाहरणार्थ सरासरी सकल मार्जिन. शिवाय उत्पादनाचं स्वरूप, उत्पादन प्रक्रिया, ग्राहकवर्ग, वितरणाची पद्धत, आणि लागू असेल तिथे नियामक वातावरण, हे सगळं सारखं हवं. यातलं एकही चुकलं तरी एकत्र करता येत नाही. 'दोन्ही लोखंडाचेच आहेत' हा युक्तिवाद टिकत नाही.

मार्जिनची तुलना फक्त या वर्षाची करू नका. मागची काही वर्षं आणि पुढचं बजेट दोन्ही पाहा. एकाचं मार्जिन १२ टक्के, दुसऱ्याचं २१ टक्के आणि दोन्ही जवळ येण्याची कुठलीही चिन्हं नाहीत, तर विषय तिथेच संपतो. एकत्र केलेच तर त्यामागचा निर्णय आणि कोणते आर्थिक निर्देशक तपासले हे टीपेत लिहावं लागतं.

## टप्पा ४: १० टक्क्यांच्या तीन चाचण्या

क्रम लक्षात ठेवा: आधी टप्पा ३, मग चाचण्या. कोणतीही एक चाचणी पास झाली की तो सेगमेंट वेगळा दाखवावा लागतो. खालचं उदाहरण काल्पनिक आहे, आकडे कोटी रुपयांत.

| सेगमेंट | बाहेरचा महसूल | आंतरविभागीय | एकूण | नफा / (तोटा) | मालमत्ता |
|---|---|---|---|---|---|
| पंप | ४२० | १० | ४३० | ५२ | ३१० |
| व्हॉल्व्ह | २१० | २० | २३० | ३१ | १७० |
| कॉम्प्रेसर | १४० | – | १४० | (२४) | १५० |
| फाउंड्री | १५ | १०५ | १२० | ६ | १४० |
| सेवा व सुटे भाग | ७० | – | ७० | १४ | २५ |
| जलशुद्धीकरण | ४५ | – | ४५ | ९ | ३० |
| एकूण | ९०० | १३५ | १,०३५ | ८८ | ८२५ |

महसूल. पाया बाहेरचा आणि आंतरविभागीय महसूल मिळून, म्हणजे १,०३५. त्याचे १० टक्के १०३.५. पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर आणि फाउंड्री पास. फक्त बाहेरचा महसूल धरला असता तर १५ कोटींची फाउंड्री या चाचणीत गळाली असती. ही चूक सर्रास होते.

नफा किंवा तोटा. इथे निव्वळ बेरीज धरायची नाही. नफ्यातल्या सेगमेंटचा एकूण नफा ११२, तोट्यातल्यांचा एकूण तोटा २४. यातला मोठा आकडा ११२, त्याचे १० टक्के ११.२. चिन्ह सोडून फक्त रक्कम पाहायची, म्हणून कॉम्प्रेसरचा २४ कोटींचा तोटाही पास होतो. सेवा विभाग महसुलात नापास होता, १४ कोटींच्या नफ्यामुळे आत आला. निव्वळ ८८ वर १० टक्के काढले असते तर ८.८ आले असते आणि जलशुद्धीकरण चुकीने पास झालं असतं.

मालमत्ता. ८२५ चे १० टक्के ८२.५. पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर, फाउंड्री पास.

म्हणजे पाच सेगमेंट वेगळे दाखवायचे आणि जलशुद्धीकरण 'इतर सर्व सेगमेंट' मध्ये. व्यवस्थापनाला ते वाचकांसाठी उपयोगी वाटत असेल तर मर्यादेत न बसताही वेगळं दाखवता येतं.

तपासणी: वेगळ्या दाखवलेल्या सेगमेंटचा बाहेरचा महसूल कंपनीच्या एकूण महसुलाच्या किमान ७५ टक्के हवा. इथे ९०० पैकी ८५५, म्हणजे ९५ टक्के. कमी पडला तर मर्यादेत न बसणारे सेगमेंटही जोडत जायचं, ७५ टक्के होईपर्यंत. सेगमेंट दहाच्या वर गेले तर व्यवहार्य मर्यादा गाठली का, याचा विचार करा.

इशारा: 'इतर सर्व सेगमेंट' आणि 'वाटप न केलेले' हे दोन रकाने एकत्र करू नका. पहिल्यात छोटे व्यवसाय येतात. दुसऱ्यात मुख्यालयाचा खर्च आणि मेळातल्या बाबी. एकाच रकान्यात ढकललेले हे दोन आकडे अनेक टीपांत दिसतात, आणि वाचकाची दिशाभूल करतात.

## टप्पा ५: आकडे निर्णयकर्त्याच्या मापानेच मांडा

सेगमेंटचा नफा म्हणजे कोणता नफा? एमडींच्या अहवालात जो वापरला जातो तोच. तिथे व्याज आणि घसाऱ्यापूर्वीचा नफा असेल तर टीपेतही तोच, लेखा विभागाला तो आवडो वा न आवडो. एकापेक्षा जास्त मापं वापरली जात असतील तर वित्तीय पत्रकांच्या मोजणीशी सर्वांत जवळचं माप निवडायचं.

सेगमेंटची मालमत्ता आणि देणी निर्णयकर्त्याकडे नियमित जात असतील तरच द्यायची. जात नसतील तर ती जात नाहीत एवढं सांगा, टीपेसाठी नवं वाटप शोधून काढू नका. घसारा, व्याज, मोठ्या किंवा रोख नसलेल्या बाबी यांचं तसं नाही. त्या सेगमेंटच्या नफ्याच्या मापात धरलेल्या असतील तर दाखवाव्या लागतात, निर्णयकर्त्यासमोर त्यांची वेगळी ओळ जात नसली तरीही. आयएफआरएस अर्थबोधन समितीने जुलै २०२४ मध्ये आयएफआरएस ८ (सेगमेंटचं आंतरराष्ट्रीय मानक) बाबत हेच स्पष्ट केलं, आणि इंड एएस १०८ त्याच मानकावर बेतलेलं आहे. व्याजाचं उत्पन्न आणि व्याजाचा खर्च वेगवेगळा दाखवायचा, निव्वळ नाही.

आंतरविभागीय दर कसा ठरतो, खर्चावर ठरावीक टक्के की बाजारभाव, हे एका वाक्यात पण नेमकं लिहा. फाउंड्रीचा ६ कोटी नफा या दरावरच अवलंबून आहे. दर बदलला असेल तर त्याचा परिणामही लिहायचा.

वाटप एकतर्फी झालं असेल तेही सांगावं लागतं: यंत्रसामग्री मुख्यालयाच्या रकान्यात आणि तिचा घसारा मात्र पंप विभागावर, असं.

## टप्पा ६: मेळ

टीप इथे खरी तपासली जाते. सेगमेंटची बेरीज कंपनीच्या एकूण आकड्याशी जुळवणारे चार मेळ हवेत: महसूल, करपूर्व नफा, मालमत्ता, देणी. मालमत्ता किंवा देणी दिलीच नसतील तर ते दोन गळतात. आपल्या उदाहरणात देणी दिलेली नाहीत, म्हणून तीनच:

- महसूल: १,०३५ वजा आंतरविभागीय १३५ = ९००
- नफा: वेगळ्या दाखवलेल्या सेगमेंटचा ७९, इतर ९, एकूण ८८. वजा साठ्यातला न कमावलेला आंतरविभागीय नफा (एका विभागाने दुसऱ्याला विकलेल्या, पण अजून बाहेर न गेलेल्या मालावरचा) ३, वजा वाटप न केलेला मुख्यालय खर्च २२, वजा वित्तीय खर्च १८, अधिक व्याजाचं उत्पन्न ४. करपूर्व नफा ४९
- मालमत्ता: ८२५ वजा आंतरविभागीय येणी ३० अधिक रोख, मुख्यालयाची इमारत, आगाऊ कर वगैरे ११५ = ९१०

९००, ४९ आणि ९१० हे आकडे नफा-तोटा पत्रकात आणि ताळेबंदात जसेच्या तसे सापडले पाहिजेत. प्रत्येक मोठी बाब वेगळी, नाव देऊन दाखवायची. 'इतर समायोजन' अशी एकच मोठी ओळ असेल तर तिच्या आत काय आहे ते उघडून पाहा. बहुधा साठ्यातला न कमावलेला नफा विसरलेला असतो.

तपासणी: सेगमेंटचा महसूल आणि इंड एएस ११५ (महसुलाचं मानक) खाली दिलेलं महसुलाचं विभाजन यांचा संबंध वाचकाला कळायला हवा. गुडविलची (दुसरा व्यवसाय विकत घेताना त्याच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेची) घट तपासताना ज्या स्तरावर ते वाटलं आहे तो स्तर टप्पा ३ पूर्वीच्या ऑपरेटिंग सेगमेंटपेक्षा मोठा नको. इंड एएस ३६ ची ती अट आहे, आणि सेगमेंट एकत्र करणाऱ्या कंपन्यांकडून ती निसटते.

## टप्पा ७: देशानुसार माहिती

आता एमआयएस बाजूला ठेवा. इथून पुढचे आकडे वित्तीय पत्रकं ज्या वह्यांतून तयार होतात त्यांतूनच घ्यायचे. एमआयएसमध्ये 'मध्य पूर्व' किंवा 'पश्चिम विभाग' असे गट असले तरी ते इथे चालत नाहीत. विचारलेली गोष्ट एवढीच: भारत किती, परदेश एकूण किती, आणि त्यात एखादा देश मोठा असेल तर तो स्वतंत्र किती. 'मोठा' म्हणजे किती टक्के, हे मानक सांगत नाही. १० टक्क्यांची मर्यादा ग्राहकांसाठी आहे, देशांसाठी नाही. ९०० पैकी २५० परदेशातून आणि त्यातले ११० संयुक्त अरब अमिरातीतून येत असतील तर तो देश वेगळा दाखवाच.

महसूल कोणत्या देशाचा, हे कशावरून ठरवलं ते लिहावं लागतं: ग्राहक जिथे आहे तो देश, की माल जिथे पोचला तो. एकदा ठरवलं की दर वर्षी तेच. इथल्या नेहमीच्या चुका:

जीएसटी विवरणपत्रातून निर्यात उचलणं. सीप्झ या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकाला दिलेला माल जीएसटीत शून्य दराचा पुरवठा ठरतो, पण तो ग्राहक अंधेरीत आहे, म्हणजे भारतात. डीम्ड एक्स्पोर्टचंही (देशातच दिलेला, पण निर्यातीसारखा धरला जाणारा माल) तसंच.

बिलाचा पत्ता आणि माल पोचण्याचा पत्ता यांची गल्लत. नरिमन पॉइंटच्या कंत्राटदाराने मागवलेला पंप न्हावा शेवाहून थेट ओमानला गेला. हा महसूल भारताचा की ओमानचा? उत्तर तुमच्या निकषात आहे. निकष लिहिलेला नसेल तर एकाच वर्षात दोन माणसं दोन उत्तरं देतील.

परदेशी उपकंपनीचा सगळा महसूल तिच्या देशात टाकणं. दुबईची उपकंपनी केनियातही विकत असेल तर ग्राहकनिहाय फोड लागेल.

देशानुसार चालू नसलेली मालमत्ताही द्यायची, ती जिथे आहे त्या देशाखाली. यातून वित्तीय साधनं, डिफर्ड टॅक्स मालमत्ता (पुढच्या वर्षांत मिळणारी कराची बचत), निवृत्तीलाभ मालमत्ता आणि विमा करारांतले हक्क वगळायचे. भाडेकरारातले वापर-हक्क, अमूर्त मालमत्ता, गुडविल आणि यंत्रांसाठी दिलेले भांडवली आगाऊ मात्र आत येतात. दुबईच्या जेबेल अलीतलं भाड्याचं गोदाम आणि परदेशी पुरवठादाराकडे ठेवलेले तुमचे साचे हमखास राहतात. मालमत्ता रजिस्टरमध्ये ठिकाणाचा रकाना का हवा, ते इथे कळतं.

## टप्पा ८: उत्पादनं आणि मोठे ग्राहक

बाहेरच्या ग्राहकांकडून आलेला महसूल उत्पादन किंवा सेवांच्या सारख्या गटांनुसार द्यायचा. सेगमेंटची टीप आधीच तसं सांगत असेल तर पुन्हा लिहू नका.

एकाच ग्राहकाकडून कंपनीच्या महसुलाच्या १० टक्के किंवा अधिक आले असतील तर प्रत्येक अशा ग्राहकाची रक्कम आणि ती कोणत्या सेगमेंटमध्ये आहे ते द्या. नाव द्यायची गरज नाही. एकाच नियंत्रणाखालच्या सगळ्या कंपन्या मिळून एक ग्राहक धरायचा, म्हणून ग्राहकयादीत समूहाचा रकाना लागतो. पंप आणि जलशुद्धीकरणवाल्यांचे ग्राहक महापालिका, राज्याची मंडळं, केंद्राच्या कंपन्या असे असतात. हे सगळे मिळून एक ग्राहक की वेगवेगळे, हे त्यांच्यातल्या आर्थिक एकात्मतेवरून ठरवायचं आणि त्याचं कारण टिपणात लिहायचं.

इशारा: 'कंपनी एकाच सेगमेंटमध्ये काम करते, म्हणून माहिती लागू नाही' हे वाक्य चुकीचं आहे. टप्पा ७ आणि ८ ची माहिती एकच सेगमेंट असलेल्या कंपनीलाही द्यावी लागते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

## टप्पा ९: मागच्या वर्षाचे आकडे आणि तिमाही निकाल

अंतर्गत रचना बदलून सेगमेंट बदलले तर मागच्या वर्षाचे आकडे नव्या रचनेत पुन्हा मांडायचे. माहिती उपलब्ध नसेल आणि ती तयार करण्याचा खर्च अवाजवी असेल तरच सूट, आणि तेव्हा बदलाच्या वर्षाचे आकडे शक्यतो जुन्या व नव्या दोन्ही पद्धतींनी दाखवायचे. जलशुद्धीकरण पुढच्या वर्षी मर्यादा ओलांडून आत आलं तर त्याचे मागचे आकडेही वेगळे काढावे लागतील. म्हणून ते आजच वेगळे साठवा.

सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत द्यावे लागतात, आणि त्यासोबत सेगमेंटचे आकडेही जातात. रचना ऑक्टोबरमध्ये बदलली तर डिसेंबरच्या निकालातच नवी मांडणी दिसली पाहिजे, मार्चपर्यंत थांबता येत नाही. सही होण्याआधी तिमाही निकाल, वार्षिक टीप, गुंतवणूकदारांचं सादरीकरण आणि टप्पा १ चं टिपण एका टेबलावर ठेवा आणि चारही कागदांत सेगमेंटची नावं आणि संख्या एकच आहे का ते पाहा. फरक सापडला तर आधी टिपण दुरुस्त करायचं की टीप, हे सीएफओ आणि ऑडिटर एकत्र बसून ठरवतील. तो निर्णय तारखेसह त्याच फोल्डरमध्ये जाईल.